माझी लेक घड्याळं दुरुस्त करते

स्वतःच्या मुलीकडे गिऱ्हाईक म्हणून जाणं काय असतं ते मी नुकतंच अनुभवलं, म्हणून लिहितेय. माझं चावीचं घड्याळ दिवसाला पाच-सहा मिनिटं मागे पडायला लागलं होतं, मधेच थांबायचं, मनगट हलवलं की परत चालू. लेकीला दिलं तर म्हणाली, आई आधीची घड्याळं आहेत, नंबर लागला की करते. मी म्हटलं अगं मी आहे. "हो ना, पण आधी आलेल्यांना मी तारखा दिल्यात." मग एक जॉब कार्ड काढलं, त्यावर माझं नाव, घड्याळाचं वर्णन, काचेवर कुठे कुठे ओरखडे आहेत, पट्टा कसा आहे, तक्रार काय, सगळं लिहिलं आणि माझी सही घेतली. शाळेत असताना प्रगतिपुस्तक पुढे करून दाराआड उभी राहायची ती मुलगी, आता माझ्याकडून सही घेते आणि वर म्हणते खाली तारीख पण घाल.

थोडं मागचं सांगते नाहीतर कळणार नाही. इंजिनिअरिंग झालेली मुलगी, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये चांगला जॉब, प्रमोशन पण झालेलं, आणि एक दिवस घरी येऊन सांगते की मी रिझाइन केलंय. विचारलं नाही हं, सांगितलं. मी आयुष्यभर अकाउंट्समध्ये काम केलेली बाई, माझ्या डोक्यात आधी जमाखर्चच येतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. मी विचारलं महिन्याला येणार किती, आजारी पडलीस तर काय, डोळ्यांचं काही झालं तर काय, म्हातारपणी काय, आणि मुख्य म्हणजे ज्याच्या त्याच्या हातातल्या फोनवर टाइम दिसत असताना घड्याळ दुरुस्त करून घेणार कोण? हे प्रश्न बरोबरच होते, आजही आहेत, आणि त्यातल्या काहींना तिच्याकडे आजही उत्तर नाहीये. नातेवाइकांचं वेगळंच. त्यांना पैशाची काळजी नव्हती, शिक्षण वाया गेलं याची होती. "एवढं शिकून हे?" असं म्हणायचे, आणि "हे" म्हणताना दोन बोटांनी हवेत काहीतरी बारीक फिरवून दाखवायचे.

हिचे बाबा फक्त एवढंच म्हणाले की तुला शिकवणार कोण? आणि खरा प्रश्न तोच निघाला. १९६९ साली पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आलं, त्यानंतर हळूहळू चावीच्या घड्याळांचा जमाना गेला आणि त्यांच्याबरोबर ती दुरुस्त करणारेही गेले. क्वार्ट्झचं कसं असतं, आत एक छोटा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, सर्किट तो आकडा निम्मा निम्मा करत जातं, पंधरा वेळा निम्मा केला की बरोब्बर एक उरतो, तोच आपला सेकंद. (मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, खरंच एक उरतो.) बंद पडलं की सेल बदला, फारच झालं तर अख्खं मशीन बदला. त्यामुळे जुन्या कारागिरांपैकी बऱ्याच जणांनी आपली मुलं या धंद्यात आणलीच नाहीत, आणि शहाणपणाच केला असं मी तिला तेव्हा तोंडावर म्हटलं होतं. म्हणजे बघा, ज्या धंद्यातून लोकांनी स्वतःची पोरं बाहेर काढली तिथे माझी पोरगी चांगला जॉब सोडून आत शिरायला निघाली होती.

तिने आधी व्हिडिओ बघून बंद पडलेली घड्याळं उघडली आणि ती आणखी बंद पाडली, असं तीच सांगते. मग एक म्हातारे कारागीर मिळाले, त्यांना ती काका म्हणते. काकांनी आधी नाहीच म्हटलं, मग म्हणाले बसून बघ, हात लावायचा नाही. पुढे हात लावू दिला तो कशाला, तर स्क्रू ड्रायव्हरला. घड्याळाच्या स्क्रूची खाच इतकी बारीक असते की ड्रायव्हरचं पातं त्यात अगदी नेमकं बसावं लागतं, जाड असलं तर तळाशी पोचत नाही, पातळ असलं तर खाचेत डुगडुगतं, आणि घसरलं की स्क्रूचं डोकं तरी खराब होतं नाहीतर शेजारच्या प्लेटवर कायमचा ओरखडा उठतो. म्हणून पातं विकत आणलं तसं वापरत नाहीत, दगडावर घासून खाचेच्या मापाचं करून घेतात. तर आमची इंजिनिअर रात्री जेवणं झाली की टेबललॅम्पखाली दगडावर थोडं तेल टाकून स्क्रू ड्रायव्हर घासत बसायची. एक बाजू, मग उलटं करून दुसरी बाजू, मग भिंगातून बघायचं, मग परत पहिली बाजू. तो आवाज मला झोपू द्यायचा नाही. एकदा उठून बाहेर आले आणि म्हटलं अगं किती घासशील, संपेल ते. मान वर न करता म्हणाली, "एका बाजूला उतार आलाय." मी चष्मा लावून, दिव्याखाली धरून बघितलं. मला काही उतार दिसला नाही.

असं बरंच चाललं. स्क्रू ड्रायव्हरवरून चिमटे, चिमट्यांवरून चाकं साफ करणं, मग लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातायच्या यंत्रावर, छोटे आस बनवायला शिकणं, हे सगळं ती घरी येऊन सांगायची आणि मी पैशाचं विचारायचे. मग एक दिवस तिने स्वतःचं टेबल टाकलं. एक छोटी भाड्याची खोली, काकांनी दिलेली त्यांची जुनी लेथ, आणि दारावर नुसतं तिचं आडनाव आणि घड्याळदुरुस्ती. पुढचं सगळं तिथलंच.

तर माझा नंबर लागला तेव्हा फोन आला. बघायचं असेल तर ये, पण शेजारी बसायचं, टेबलाला टेकायचं नाही आणि मी श्वास धरलेला असेल तेव्हा बोलायचं नाही. टेबल जवळजवळ छातीएवढं उंच, कोपरं टेकून काम करता यावं म्हणून. टेबलाच्या कडेला एक कापड लावलेलं, त्याची दुसरी कड हिच्या कमरेला, म्हणजे काही निसटलंच तर जमिनीवर न जाता त्या झोळीत पडावं. बोटांना रबरी टोप्या, घामाचा डाग लागू नये म्हणून.

आधी घड्याळ न उघडता एका मशीनवर ठेवलं. त्यात माइक असतो, तो टिकटिक ऐकतो आणि स्क्रीनवर रेषा काढतो. माझं घड्याळ तासाला १८,००० ठोक्यांचं, म्हणजे सेकंदाला पाच, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. हा गुणाकार मी तिथल्या तिथे केला आणि मला घड्याळाची दयाच आली. रेषा सरळ यायला हव्यात, माझ्या रेषा सगळीकडे विखुरलेल्या. "अँप्लिट्यूड बघ, दोनशेच्या पण खाली." म्हणजे आत ते जे चाक मागेपुढे झुलतं ना, बॅलन्स व्हील, ते मधल्या जागेपासून एका बाजूला किती अंश जातं तो आकडा. तब्येत बरी असेल तर अडीचशे ते तीनशेच्या मधे असतो.

मागचं झाकण उघडलं तर ती घड्याळाच्या आतल्या मशीनकडे बघायच्या आधी झाकणाची आतली बाजूच बघत बसली, तिरपी धरून, दिव्याखाली फिरवत. तिथे सुईने कोरलेल्या बारीक बारीक खुणा होत्या, काही आकडे, एखादं अक्षर, एक तारखेसारखं काहीतरी. आधी ज्यांनी ज्यांनी हे घड्याळ दुरुस्त केलं त्यांनी आपापली खूण करून ठेवलेली. इतकी वर्षं मी ते हातात घालून फिरले, मला पत्ताच नाही की आत एवढी माणसं सह्या करून बसलीयेत. मग एकेक गोष्ट बघत तिने त्यांचं काम वाचायला सुरुवात केली. याने तेल फार घातलंय, पसरून पसरून गोंदासारखं झालंय बघ. हा स्क्रू इथला नाही, दुसऱ्या घड्याळातला काढून बसवलाय. मला वाटलं आता ही नावं ठेवणार, आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकायचंच होतं, कारण त्या दुरुस्त्यांचे पैसे मी मोजले होते. तर म्हणते कशी, "पार्ट मिळाला नसेल गं त्याला. चालू तर ठेवलं ना त्याने." मी विचारलं तू पण कोरणार का खूण? नाही म्हणाली, तिच्या नोंदी वहीत असतात. कोरलेलं जात नाही, आणि घड्याळ तिचं नाही.

पहिलं काम म्हणजे आतल्या मोठ्या स्प्रिंगमधला जोर सोडायचा. चावी भरलेली असताना तसंच उघडायला गेलं तर सगळा जोर एकदम सुटतो आणि चाकांचे दात जाऊ शकतात. चावी बोटांत धरून, खटका बाजूला करून, हळूहळू सोडत आणली. मग काटे, मग डायल, मग बॅलन्स, मग बाकी सगळं, निघालेला प्रत्येक तुकडा डबीच्या ठराविक खणात. एक टिचभर स्प्रिंग असते ती म्हणे हमखास उडते, तर ती काढताना तिने सगळं एका पारदर्शक पिशवीत घातलं आणि हात आत घालून काढली. उडाली पण, पिशवीतल्या पिशवीत. मला हसू आलं, ती हसली पण नाही, रोजचंच तिला.

डायलवर १७ ज्वेल्स लिहिलेलं आहे, त्याचं आमच्या घरात पहिल्यापासून कौतुक, आत १७ रत्नं आहेत म्हणून. तिने भिंग दिलं, बघितलं तर लाल ठिपके, मधे भोक. माणिकच, पण बनवलेलं. १९०२ मध्ये व्हर्न्यूई नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने कृत्रिम माणिक बनवायची रीत जाहीर केली, पुढे घड्याळांत तेच वापरायला लागले, विकायला गेलं तर त्याचं काही येणार नाही. काम मात्र मोठं. चाकाच्या आसाचं टोक त्या भोकात फिरतं, माणिक कठीण आणि गुळगुळीत म्हणून झीज फार कमी होते. बॅलन्सच्या आसाचं टोक मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढं असतं, ते मला भिंगातूनही नीट दिसलं नाही. रत्नांचं ऐकून हिचे बाबा नंतर जरा खट्टू झाले.

खरी अडचण निघाली हेअरस्प्रिंगची. बॅलन्सवर एक केसाएवढ्या पातळ पट्टीचं वेटोळं असतं, तेच त्या चाकाला मागेपुढे झुलवत ठेवतं. १६७५ मध्ये हायगेन्स नावाच्या डच शास्त्रज्ञाने ही वेटोळ्याची स्प्रिंग असलेलं घड्याळ करवून घेतलं, त्याआधी खिशातल्या बहुतेक घड्याळांना मिनिटकाटाच नसायचा, मिनिटं दाखवण्याइतकी ती बरोबर चालायचीच नाहीत. पुढे त्रास होता तो तापमानाचा, उष्णतेने ही स्प्रिंग नरम पडते आणि घड्याळ मागे पडतं. ज्या गियोम नावाच्या शास्त्रज्ञाच्या मिश्रधातूंमुळे हा त्रास कमी झाला त्याला निकेल-पोलादावरच्या कामासाठी १९२० चं फिजिक्सचं नोबेल मिळालंय, आणि तो घड्याळवाल्याचा मुलगा होता. ही शेवटची माहिती मला लेकीने दिलेली नाही, मी स्वतः शोधून काढलीये, त्या "एवढं शिकून हे"वाल्यांसाठी, आणि दोन ठिकाणी वापरली सुद्धा.

माझ्या घड्याळात त्या वेटोळ्याची बाहेरची फेरी एका जागी वाकलेली होती, कधीतरी कोणाचा चिमटा लागला असणार. एका बाजूला फेऱ्यांमधे नको इतकी जागा, दुसऱ्या बाजूला जवळजवळ चिकटलेल्या. नवीन मिळत नाही, या मशीनचे पार्ट बनायचे कधीच बंद झाले. मग तिने दोन चिमटे घेतले, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने किंचित वळवायचं. किंचित म्हणजे मला काही हललेलंच दिसत नव्हतं, तिचे हात हलले की नाही तेही कळत नव्हतं, फक्त श्वास थांबला की समजायचं आता काहीतरी चाललंय. मग सोडायचं, बघायचं, उलटं धरायचं, परत बघायचं. थोडा वाक निघाला, अजून थोडा निघाला, मला भिंगातून पण फरक दिसायला लागला, म्हटलं आता एकदा केलं की झालंच. आणि तिने चिमटे खाली ठेवले. भिंग काढलं, सगळ्यावर काचेचं झाकण ठेवलं आणि म्हणाली, "आज नाही."

म्हटलं का गं, झालंच आहे की.

"हात आज इथपर्यंतच आहे. आता केलं तर मोडेल."

इतकंच. आणि उठून खिडकी उघडायला गेली.

आता ही मुलगी कशी होती ते सांगायला पाहिजे. गणित सुटलं नाही तर रात्री उशिरापर्यंत पानं फाडत बसायची, रडायची, पण वही मिटायची नाही. हा हट्ट माझ्याकडचा, ताळा जमल्याशिवाय मी कधी ऑफिसातून उठले नाही, एक आकडा सापडत नाही म्हणून सगळा स्टाफ बसवून ठेवलाय मी. आणि आजपर्यंत तिचा जो जो अभिमान वाटला, मार्क झाले, जॉब झाला, प्रमोशन झालं, त्या सगळ्यात आपला वाटा मी मनातल्या मनात आधीच काढून ठेवलेला असायचा, मी पहाटे उठवायचे, मी समोर बसून अभ्यास घेतला वगैरे. सगळेच आईबाप ठेवतात, कबूल करोत न करोत. पण काम हाताशी आलेलं असताना ते सोडून उठणं हे मी तिला शिकवलेलं नाही. मला ते येतच नाही. ते काकांकडून आलं, की तिने मोडलेल्या घड्याळांकडून आलं, की तिचं तिलाच सुचलं, माहीत नाही, पण माझ्या कुठल्याच खात्यातून ते गेलेलं नाही एवढं नक्की. आणि त्या वेळी मला तिचं जे कौतुक वाटलं ते प्रमोशनच्या वेळच्या कौतुकापेक्षा फार वेगळं होतं. ऊर भरून येणं म्हणतात तसं काही नाही, उलट जरा परकंच वाटलं, म्हणजे आपण एका हुशार बाईच्या शेजारी बसलोय, तिला तिचं काम कळतं, आणि योगायोगाने ती आपल्याला आई म्हणते. मला ते भयंकर आवडलं, का ते नीट सांगता यायचं नाही.

तेवढ्यात एक गृहस्थ आले, त्यांचं घड्याळ काही दिवसांपासून तासात कितीतरी मिनिटं पुढे पळत होतं. हिने ड्रॉवरमधून साधं होकायंत्र काढलं, घड्याळ जवळ नेलं, सुई वळली. चुंबक लागलंय म्हणाली. फोनच्या कव्हरमधे चुंबक असतं, पर्सच्या बटणात असतं, स्पीकरमधे तर असतंच, घड्याळ त्यावर पडून राहिलं की हेअरस्प्रिंगच्या फेऱ्या एकमेकींना चिकटतात आणि स्प्रिंग आखूड असल्यासारखी वागायला लागते, घड्याळ सुसाट सुटतं. एका छोट्या डबड्यावर घड्याळ ठेवलं, बटण दाबलं, हळूच लांब नेलं, मशीनवर लावून दाखवलं, झालं बरोबर. किती द्यायचे? काही नाही. मी मागे बसून डोळे मोठे केले, तिने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. ते गृहस्थ तीन वेळा थँक्यू म्हणून गेले, थँक्यू मी कुठल्या खात्यात घेऊ?

हेअरस्प्रिंग तिने पुढे मी नसताना सरळ केली. सकाळी हात चांगला होता, होऊन गेली, एवढंच फोनवर सांगितलं, मी पुढचं बघायला परत गेले.

धुण्याची पण एक तऱ्हा असते. बाकी भाग मशीनमधे धुतात पण पॅलेट फोर्क, म्हणजे चाकाचा एकेक दात अडवून सोडणारा छोटा तुकडा, तो वेगळा, कारण त्याचे दोन माणकाचे दगड लाखेने चिकटवलेले असतात आणि स्पिरिटमधे जास्त वेळ राहिला तर लाख विरघळते आणि दगड हलतात. माणकांची भोकं लाकडाच्या काडीला टोक काढून आतून फिरवून साफ करायची, काडी काळी निघाली की परत टोक काढायचं, पांढरी निघेपर्यंत. माझ्या घड्याळाच्या काड्या बराच वेळ काळ्याच निघत होत्या. मोठी स्प्रिंग नवीन घातली, जुनी दमलेली होती, पेटीतून काढल्यावर पूर्ण उलगडायला पाहिजे ती निम्मीच उलगडली. मग तेल. तेलाच्या वेगवेगळ्या बाटल्या, हळू फिरणाऱ्या आणि जोर पडणाऱ्या जागी जाड, भराभर फिरणाऱ्या जागी पातळ, सुईच्या टोकावर थेंब घेऊन माणकाच्या खळग्यात सोडायचा, खळगा भरायचा नाही, जास्त झालं की तेल पसरतं आणि मग जिथे पाहिजे तिथेच राहत नाही. आणि फोर्कच्या आसाला तेल अजिबात नाही. "इथे घालायचा मोह होतो सगळ्यांना," म्हणाली, आणि पुढे गेली.

मी म्हटलं एवढं करतेयस तर डायल पण जरा पांढरी करून टाक, पिवळट पडलीये. नाही म्हणाली. अगं पण पुसायची फक्त. "पुसली तर आकडे निघून येतील. छपाई आहे ती." मी म्हटलं माझं घड्याळ आहे, गिऱ्हाईकाची इच्छा म्हणून काही असतं की नाही. तर तिने ते जॉब कार्ड काढून माझ्यासमोर धरलं, तक्रारीच्या रकान्यात डायल कुठे लिहिलंय दाखव. आवाज चढवलेला नाही, चेहरा हसरा, आणि उत्तर नाहीच. हा आवाज मी घरी कधी ऐकलेला नव्हता, हा तिचा दुकानातला आवाज आहे. मला थोडा राग आला आणि थोडं, जाऊ दे, दोन्ही आलं.

बॅलन्स बसवला तेव्हा चाक लगेच झुलायला लागलं, चावी जेमतेम दिलेली होती तरी. मशीनवर ठेवलं, रेषा दोन सरळ, आकडा पावणेतीनशेच्या पुढे. मला वाटलं संपलं, पण मग डायल वर करून, खाली करून, चावी वर, चावी खाली, असं सगळ्या बाजूंनी तपासणं. आडवं असताना आस टोकावर फिरतो, उभं केलं की कुशीवर, घर्षण वाढतं, आकडा उतरतो, तर तो किती उतरतो आणि त्याने वेळ किती बदलते हे बघून मधला मार्ग काढायचा. त्यानंतर घड्याळ काही दिवस तिथेच ठेवून घेतलं, रोज चावी, रोज नोंद.

शेवटी सांगितलं की दिवसाला साधारण १० सेकंद पुढे जाईल. मी म्हटलं एवढं करून अजून चुकतंच? मग माझं मीच डोक्यात केलं. दिवसाचे ८६,४०० सेकंद, त्यातले १० चुकले, म्हणजे ९९.९८८ टक्के बरोबर, तेही नुसत्या चाकांवर आणि स्प्रिंगवर, सेल नाही काही नाही. माझ्या ऑफिसात एवढं बरोबर कोणी नव्हतं, मी धरून. आणि पुढे ठेवलंय ते मुद्दाम, मागे पडलेलं घड्याळ लोकांना चालत नाही, थोडं पुढे चाललेलं चालतं. बिल पूर्ण लावलं, आईची सवलत वगैरे काही नाही, मी ओळ न ओळ तपासून दिलं आणि तिला सांगितलं की मजुरी कमी लावलीयेस.

त्यावरूनच पुढचं सुरू झालं. तिने मला तिच्या वर्षभराच्या वह्या बघायला दिल्या, स्वतःहून, हे विशेष. जॉबमधे मिळायचं त्यापेक्षा मिळकत कमी आहे, ते झाकण्यात अर्थ नाही, काही महिने बरे जातात, काही महिने मला बघवत नाहीत. पण वही अशी आहे की मी ऑफिसात असते तर तिला लगेच घेतली असती. प्रत्येक घड्याळाला किती तास लागले, काय निघालं, काय घातलं, आणि जी घेतली नाहीत त्यांची पण नोंद, कारणासकट. "पार्ट नाही, सांगितलं." "दुरुस्तीच्या खर्चात नवीन येईल, परत दिलं." "मशीन बदललेलं आहे, मालकाला माहीत नव्हतं, दाखवलं." आणि मधे मधे ठराविक एक ओळ, "चुंबक काढलं", पुढे रकमेच्या रकान्यात आडवी रेघ. मी त्या आडव्या रेघा मोजल्या आणि बेरीज करून तिच्यापुढे ठेवली, की बाई तू एवढं काम फुकट केलंस. ती म्हणते त्यात काम काय आहे, बटण तर दाबलं. मी म्हणते बटण कुठलं आणि कधी दाबायचं हे कळायला तुला किती वर्षं लागली ते धर. ओव्हरहॉलचे दर वाढवायचं तिने मान्य केलं, घ्यायच्या घड्याळांची संख्या वाढवायला साफ नाही म्हणाली, आणि चुंबकाचं अजून मिटलेलं नाही. पुढच्या महिन्यात परत बसायचं ठरलंय, मी आकडे काढून ठेवलेत.